चांदी तोलता येते, हात नाही

कमरपट्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नऊवारीतली नवरी उभी राहते. कुणाकडे तो आजीचा असतो, कुणी हुपरीहून मुद्दाम घडवून आणतं, तर कुणी लग्नापुरता भाड्याने आणून वेळ साजरी करतं. आपल्या सीमाभागात चांदीचा पट्टा हा मुख्यतः बायकांचा दागिना. अरबस्तानच्या दक्षिण टोकाला असलेल्या येमेन देशात मात्र कमरेचा पट्टा हा पुरुषाचाही मान. तिथला पुरुष चामड्याच्या, जरीने मढवलेल्या रुंद पट्ट्यात ‘जंबिया’ नावाचा बाकदार खंजीर खोचतो. खंजिराच्या म्यानाला चांदीचं नक्षीकाम असतं. पट्ट्यावर चांदीची ताईतपेटी आणि छोट्या चांदीच्या डब्या लटकवलेल्या असतात. टोळीवाल्यांचा खंजीर पोटावर मधोमध, उभा; सय्यद आणि काझी घराण्यांतल्या पुरुषांचा उजव्या बाजूला, किंचित तिरपा. भर बाजारात समोरून येणारा माणूस कुठल्या दर्जाचा, हे त्याच्या कमरेकडे पाहून लांबूनच कळायचं.

या म्यानांवरचं, पट्ट्यांवरचं आणि बायकांच्या अंगावरचं चांदीकाम कित्येक शतकं बहुतांशी ज्यू सोनारांच्या हातचं होतं. आणि इमामांच्या राज्यात ज्यूंना शस्त्र बाळगायला मनाई होती. म्हणजे ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरेचा मान घडवला, त्याला स्वतःच्या कमरेला तो लावता येत नव्हता.

दागिन्यांविषयी मी बरीच वर्षं वाचते आहे. दागिना कधी घालायचा, कशावर काय शोभतं, याबद्दल खूप लिहिलं जातं. तो कुणी घडवला, याबद्दल फार थोडं. येमेनच्या या पट्ट्यांबद्दल वाचल्यापासून मात्र मला घडवणाऱ्याचा प्रश्न सोडून जाईना. कारण एखादी जमात आपल्या हातातली कला घेऊन देशाबाहेर गेली की मागे काय उरतं आणि सोबत काय जातं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणं कठीण आहे.

नाणं वितळवून दागिना

येमेनमध्ये चांदीच्या खाणींपेक्षा चांदीची नाणीच सोनाराच्या जास्त कामाची. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचं नाणं चाले. राणी १७८० मध्ये वारली, आणि त्यानंतर जेव्हा कधी हे नाणं पाडलं गेलं तेव्हा त्यावर १७८० हेच साल राहिलं. वजन सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांना थोडं कमी. त्यात हजारी ८३३ भाग चांदी. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचा या नाण्यावर एवढा विश्वास की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० नंतर, ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. येमेनच्या बाजारात ते १९६२ च्या क्रांतीपर्यंत सर्रास चालत होतं.

गिऱ्हाईक सोनाराकडे नाणी घेऊन येई. अर्धा किलोचा पट्टा करायचा तर सुमारे अठरा नाणी. सोनार ती मुशीत वितळवी, कांब ओती, ठोकून लांब करी आणि मग जंतरातून ओढून तार काढी. जंतर म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. आपल्याकडच्या जुन्या सोनारांकडेही ती असे. एकेका भोकातून तार ओढत ओढत शेवटी ती केसासारखी बारीक होते. दोन तारांना पीळ द्यायचा, पीळ ठोकून चपटा करायचा आणि त्याची वेलबुट्टी वळवायची. यालाच आपण तारकाम म्हणतो. आपल्या वाचकांपैकी जे तेलंगणात करीमनगरकडे किंवा ओडिशात कटककडे गेले असतील, त्यांनी हे काम पाहिलं असेल.

येमेनच्या कामाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे रवे. तारेचे इवलेसे तुकडे कोळशाच्या भुकटीवर ठेवून तापवले की ते वितळून आपोआप गोल होतात. असे शेकडो रवे एकेक करून चिमट्याने उचलायचे, नक्षीवर ठेवायचे, टाकणखार आणि डाख लावून फुंकणीने नेमकी तेवढीच आच द्यायची. आच कमी पडली तर रवा चिकटत नाही. जास्त झाली तर सगळी नक्षी वितळून गोळा होते. आठवड्याचं काम एका फुंकरीने जाऊ शकतं. हे शिकवून येत नाही, बापाजवळ बसून येतं. म्हणूनच हा धंदा घराण्यांतून चालला. बौसानी आणि बदीही या दोन घराण्यांची नावं तर कामाच्या शैलींनाच चिकटली. काही सोनार दागिन्यावर आपल्या नावाचा ठसा उमटवत, तोही अरबी अक्षरांत, कारण वाचणारं गिऱ्हाईक अरबी वाचणारं.

दागिना तयार झाला की तो तराजूत जाई. नाण्यांच्या वजनाइतकी चांदी परत आली याची खात्री झाली की मजुरी दिली जाई. या हिशेबात एक गोष्ट कायम राहते. चांदी नोंदली जाते. मजुरी एकदा चुकती झाली की संपते. पुढे कधी तो दागिना मोडीत निघाला तर त्याची किंमत पुन्हा नाण्यांतच.

मौझाची हद्दपारी

असा हात समाजाला किती लागतो, हे येमेनच्या इतिहासात एकदा फार क्रूर रीतीने तपासून झालं आहे.

१६७९ मध्ये तेव्हाच्या इमामाने ज्यूंना हद्दपार केलं. सना या राजधानीसकट ठिकठिकाणच्या कुटुंबांना घरंदारं सोडून तांबड्या समुद्राजवळच्या मौझा नावाच्या रखरखीत, उष्ण प्रदेशात जावं लागलं. सना समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच, हवा थंड. तिथली माणसं त्या तापलेल्या सपाटीवर भूक, तहान आणि रोगराईने मोठ्या संख्येने मेली. येमेनी ज्यूंच्या स्मरणात ही हद्दपारी आजही ताजी आहे.

मग साधारण वर्षभरात हुकूम फिरला. त्यामागच्या कारणांत एक कारण अगदी व्यवहारी होतं. गावोगावचे लोक म्हणू लागले की अवजारं दुरुस्त करायला कोणी नाही, भांडी करायला कोणी नाही, दागिने घडवायला कोणी नाही. त्या समाजात टोळीवाल्याने शेती करावी, लढावं. हातकामाचे बरेच धंदे त्याच्या मानाला कमी समजले जात. त्यामुळे ते ज्यूंकडे आले होते. ज्यू गेले आणि धंदे बंद पडले.

जे जगले ते परतले. पण सना शहरातली त्यांची जुनी घरं त्यांना परत मिळाली नाहीत. तटाच्या बाहेर वेगळी वस्ती करून राहावं लागलं. ‘का अल-यहूद’, म्हणजे ज्यूंचं मैदान, असं त्या वस्तीचं नाव पडलं. त्यांची कारागिरी शहराला हवी होती, पण शेजार नको होता.

वेशीबाहेरचे कारागीर

या वस्तीचं वर्णन करणारा एक प्रवासी पुढे आपल्याकडेही येऊन गेला. कार्स्टन नीबूर हे त्याचं नाव. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतला हा मोजणीदार १७६३ च्या जुलैत सनाला होता. ज्यू शहराबाहेर राहतात, त्यांच्यात उत्तम सोनार आणि कुंभार आहेत, ते दिवसा शहरात येऊन आपापल्या छोट्या दुकानांत काम करतात आणि संध्याकाळी आपल्या वस्तीत परत जातात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. थोड्याच काळापूर्वी त्यांची बहुतेक प्रार्थनामंदिरं पाडली गेली होती, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे दिवसा बाजारात ज्यांची कदर, संध्याकाळी त्यांच्या देवाला छप्पर नाही.

याच नीबूरने त्याच वर्षी मुंबई गाठली. घारापुरीच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटनं आणि मापं युरोपात पुढे बरीच वाखाणली गेली. सनाच्या सोनारगल्लीतून निघालेला माणूस काही महिन्यांत घारापुरीच्या त्रिमूर्तीसमोर उभा राहतो, एवढे हे दोन किनारे जवळचे होते.

हा जवळपणा जुना आहे. बाराव्या शतकात बेन यिजू नावाचा एक ज्यू व्यापारी मंगळुरात येऊन राहिला होता आणि तिथे त्याचा धातूच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याच्याकडे मोडकी भांडी आणि तांबं पाठवत आणि त्यातून अमुक आकाराची नवी भांडी करून मागवत. कैरोच्या एका प्राचीन प्रार्थनामंदिरात सापडलेल्या कागदपत्रांतून ही पत्रं उजेडात आली. गोव्याच्या खाली, आपल्याच किनाऱ्यावर, आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा व्यवहार. पुढे इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतलं तेव्हा त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे आला. तो १९३२ पर्यंत तसाच होता, आणि एडन हिंदुस्थानपासून पूर्ण वेगळं झालं ते १९३७ मध्ये. त्या काळात एडनच्या बाजारात आपलाच रुपया चाले.

हब्बानच्या बायकांचे पट्टे

येमेनच्या सगळ्या ज्यूंची स्थिती एकसारखी मात्र नव्हती. एडनच्या ईशान्येला, हद्रमौतच्या वाटेवर हब्बान नावाचं गाव आहे. तिथली ज्यू वस्ती छोटी, काही शेकड्यांची. बहुतेक पुरुष चांदीकाम करणारे. उंटांच्या तांड्यांबरोबर ते महिनोन् महिने बदाऊंच्या वस्त्यांवर फिरत, तिथेच भट्टी मांडून दागिने घडवत, आणि सणाला घरी परतत. इमामांच्या राज्याबाहेरचा हा टोळ्यांचा मुलूख. इथल्या ज्यू पुरुषांवर शस्त्रबंदी नव्हती, ते खंजीर लावून फिरत.

हब्बानच्या ज्यू बायकांचा चांदीचा पट्टा प्रसिद्ध आहे. त्याला तिथे ‘हिझाम’ म्हणतात. चांदीच्या कड्या एकमेकींत गुंफून केलेली रुंद जाळी, मध्ये रवे लावलेले तुकडे आणि खाली लोंबणारी घुंगरं. बाई चालली की तिचा पट्टा बोलायचा. येमेनच्या डोंगराळ भागात ज्या सोनाराने केलेला पट्टा नेहमी दुसऱ्याच्याच घरी गेला, त्याचाच व्यवसायबंधू हब्बानमध्ये स्वतःच्या बायकोसाठी, लेकीसाठी तसला पट्टा घडवत होता. माझ्या मनाला हा फरक फार मोठा वाटतो. गिऱ्हाइकासाठी केलेल्या कामात कसब असतं. लेकीच्या लग्नासाठी केलेल्या कामात आणखीही काही असतं, आणि ते कुठल्याही तराजूत दिसत नाही.

विमानात काय मावलं?

१९४९ च्या जूनपासून १९५० च्या सप्टेंबरपर्यंत येमेनचे जवळजवळ ४९ हजार ज्यू एडनहून विमानाने इस्रायलला गेले. सुमारे ३८० फेऱ्या झाल्या. ‘जादूचा गालिचा’ या नावाने ही मोहीम जगभर ओळखली गेली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी विमान आधी कधी पाहिलंही नव्हतं. गावोगावहून चालत, गाढवांवर सामान लादून ते एडनजवळच्या छावणीत आले. हब्बानची वस्तीही १९५० मध्ये निघाली आणि पुढे त्यातली बरीच कुटुंबं बारेकेत नावाच्या शेतकरी गावात स्थायिक झाली.

जाण्याच्या परवानगीबरोबर एक अट आल्याचं अनेक नोंदींत सांगितलेलं आहे. घरंदारं विकून टाका आणि आपला धंदा इथल्या मुसलमान कारागिरांना शिकवून मगच निघा. १६७९ चा धडा इमामांचे वंशज विसरले नव्हते, असंच म्हणायचं. पण पिढ्यान् पिढ्या बापाजवळ बसून आलेली आच काही महिन्यांत कशी शिकवणार? काही स्थानिक कारागिरांनी ती कला मनापासून उचलली आणि टिकवली, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मात्र पूर्वीचं ते बारीक काम पुष्कळ कमी झालं. आणि १९७० च्या दशकात सौदी अरेबियात कामाला गेलेल्या येमेनी पुरुषांचा पैसा घरी येऊ लागला तेव्हा नवऱ्या सोनं मागू लागल्या. चांदी मागे पडली. जुने पट्टे मोडीत निघाले, काही परदेशी हौशी लोकांनी नेले.

निघालेल्यांचं काय झालं? विमानात नेण्याच्या सामानाला मर्यादा होती. कुणी दागिने वाटेतच विकले. कुणाचं मागे ठेवलेलं सामान, त्यात जुन्या पोथ्या आणि चांदी, पुन्हा हाती आलंच नाही. ही खंत त्या समाजात आजही बोलली जाते. नव्या देशात तंबू आणि पत्र्याच्या वसाहती होत्या. चांदीचे पट्टे घालायला कुणाला सवड नव्हती, आणि सोनाराला शेतात किंवा रस्त्याच्या कामावर जावं लागलं.

काहींना मात्र आपल्या हातचं काम मिळालं. जेरुसलेममध्ये बोरिस शात्स यांनी १९०६ मध्येच बेझालेल ही कलाशाळा काढली होती. १८८१-८२ च्या सुमारास आधीच येऊन पोचलेले येमेनी सोनार तिथल्या तारकामाच्या कार्यशाळेत होते. १९५४ मध्ये रूथ दायान यांनी मास्कित ही संस्था सुरू केली आणि नव्याने आलेल्या येमेनी कारागिरांना, भरतकाम करणाऱ्या बायकांना त्यातून रोजगार मिळाला. पण नमुना बहुधा शाळेतल्या चित्रकाराचा, नाव संस्थेचं आणि हात येमेनी सोनाराचा. हेही त्या जुन्या गोष्टीचंच नवं रूप नव्हे काय?

रामल्याच्या मावशींची गोष्ट

आता इथे आपल्या घरचा एक दुवा येतो. कोकणातले बेने इस्रायल, आपले ‘शनवार तेली’, मराठी बोलणारे ज्यू. घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत म्हणून हे नाव. सनाचे सोनारही शनिवारी भट्टी पेटवत नसत. १९४८ नंतर कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक कुटुंबांनी इस्रायल गाठलं. तिथे त्यांच्या शेजारी कोण आले? कुठे मोरोक्कोचे, कुठे इराकचे, तर कुठे येमेनचे ज्यू.

माझ्या एका मैत्रिणीची आई अशीच रायगडातून जाऊन रामल्याला राहिलेली. एकदा मुंबईत आल्या होत्या तेव्हा मी त्यांना मुद्दाम येमेनी शेजाऱ्यांबद्दल विचारलं. मावशी आपल्या ठसक्यात सांगू लागल्या, “अगो, पहिली दोन वर्षं आमची नि त्यांची भाषा जुळेना. आमचं मराठी, त्यांचं अरबी. पण त्यांच्या पोरीची मेंदी निघाली नि आम्ही चाटच! म्हटलं, ही तर आपली मेंदी. आपल्यातही लग्नाआधी मेंदी लागतेच ना?”

“आणि पट्टे? चांदी?” मी विचारलं.

“नवरी नुसती चांदीने मढवलेली. डोक्यावर एवढं उंच, गळ्यात हारांवर हार. मी आपली तिच्या आईला म्हटलं, एवढं सगळं कसं आणलंत विमानातून? तर ती हसायला लागली. म्हणाली, यातलं माझं एक पण नाही. भाड्याचं आहे. माझं सगळं एडनला गेलं.” मावशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग तिने पदरासारखं काहीतरी बाजूला करून एक घुंगरू दाखवलं. पट्ट्याचं. बाकीचा पट्टा विकला होता, एक घुंगरू तेवढं ठेवलं होतं. तिच्या बापाच्या हातचं होतं ते.”

नवरीची चांदी भाड्याने किंवा उसनी आणायची रीत सनातही होती. आजही इस्रायलमध्ये येमेनी घराण्यातल्या मुलींच्या मेंदीसाठी असा पूर्ण साज भाड्याने मिळतो. नवरीला नटवणाऱ्या बायका तो घेऊन येतात, तासन् तास बसून चढवतात. ज्यांच्या पणजोबांनी चांदी घडवली त्यांची पणती ती एका संध्याकाळपुरती अंगावर घेते. यात कुणाला दुःख दिसेल. मला मात्र त्यात चिवटपणाही दिसतो. दागिना हातातून गेला तरी तो कधी घालायचा हे त्या समाजाने सोडलं नाही.

हे काम कुणाचं म्हणायचं?

संग्रहालयांत आज हे पट्टे काचेमागे आहेत. एके ठिकाणी पाटी असते ‘येमेनी दागिने’, दुसरीकडे ‘ज्यू दागिने’. यावर वादही होतात. माझ्या मते दोन्ही पाट्या खऱ्या आहेत आणि एकेकटी असली तर दोन्ही अपुऱ्या. मुसलमान गिऱ्हाइकाची आवड, त्याचा मान, त्याने आणलेली नाणी नसती तर ते म्यान घडलं नसतं. ज्यू सोनाराचा हात नसता तरी घडलं नसतं. ताईताच्या पेटीत ठेवायचा मजकूर एका धर्माचा, पेटी घडवणारा दुसऱ्या धर्माचा, आणि पेटी घालणाऱ्या बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गोव्यातून बाहेर पडलेली दैवज्ञ सोनार घराणी कारवारात, बेळगावात येऊन वसली. त्यांच्या हातचा दागिना मराठी घरात गेला, कानडी घरात गेला आणि कोकणी घरातही गेला. तो दागिना कुठल्या भाषेचा, हे कुणी ठरवायचं?

पण त्या पाट्यांवर एक गोष्ट बहुतेकदा नसते, ती म्हणजे माणसाचं नाव. अरबी ठसा असलेले थोडे नग सोडले तर बाकीच्यांना फक्त गाव आणि अंदाजे काळ. येमेनमध्ये आज नाव विचारायलाही जवळजवळ कुणी उरलेलं नाही. २०१६ मध्ये १९ जण इस्रायलला नेले गेले. २०२१ मध्ये तीन कुटुंबांतल्या १३ जणांना देश सोडून इजिप्तला जावं लागलं. दोन हजार वर्षांची म्हणून सांगितली जाणारी वस्ती संपल्यातच जमा झाली.

आपल्याकडे असं काही घडलेलं नाही, म्हणून आपल्याला ही नावं माहीत आहेत का? मी स्वतःच्या घरात हा प्रश्न विचारून पाहिला. आजीचा चांदीचा कमरपट्टा आईकडून माझ्याकडे आला. त्याचं वजन घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ, कारण दर दिवाळीला कुणीतरी चांदीचा भाव काढतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र कुणाला सांगता येईना. आतेला एवढंच आठवलं की तो शहापूरच्या सराफ गल्लीत मिळाला आणि सोनार घरी येऊन माप घेऊन गेला होता. एक कडी निखळली म्हणून मी तो ओळखीच्या सराफांकडे नेला. काकांनी पट्टा उलटा करून बराच वेळ पाहिला.

“मोडीत देणार असाल तर चांदीचेच पैसे मिळतील, ताई. मजुरी धरत नाही कुणी,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पण देऊ नका. अशी कडी आता हाताने वळवत नाहीत. ही साच्यातली नाही.”

“कुणी केली असेल, काका?”

“ते आता कोण सांगणार! आमचे वडील असते तर नुसतं पाहून सांगितलं असतं. डाख कुठे दिलाय त्यावरून ते माणूस ओळखायचे.”

डाखावरून माणूस ओळखणारी पिढी आपल्याकडेही जवळजवळ संपली आहे. हद्दपारी झाली नाही, विमानं आली नाहीत, कुणी कुणाला हाकललं नाही. साचे आले, यंत्रं आली, मुलांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या आणि कला हळूच उठून गेली. यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही. बागेसरीच्या धुरात डोळे घालवून दिवसाकाठी मिळणाऱ्या मजुरीत संसार चालत नसेल, तर सोनाराच्या मुलाने त्याच पाटावर का बसावं? यंत्राने स्वस्त झालेला पट्टा पूर्वी ज्यांना परवडत नव्हता त्यांच्याही लेकींच्या कमरेला लागला, हेही खरंच आहे.

तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. घरात आजीचा, पणजीचा दागिना असेल तर तो उलटा करून पाहा. आतल्या बाजूला एखादा ठसा, एखादं अक्षर, आकडा दिसतो का ते बघा. घरात जे सगळ्यात वयस्कर माणूस असेल त्याला विचारा की तो कुठे घडवला, कुणी घडवला, कशातून घडवला, नवी चांदी होती की आधीचं काही मोडलं होतं. जेवढं कळेल तेवढं एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी पावतीबरोबर, त्या दागिन्याच्या डबीत ठेवा. नाव नाही मिळालं तर गल्ली लिहा, गल्ली नाही मिळाली तर गाव लिहा. आणि तुमच्या गावात अजून हाताने तार ओढणारा एखादा कारागीर असेल तर पुढच्या खेपेला मजुरीवर घासाघीस करण्याआधी त्याचं काम पाच मिनिटं नुसतं बसून पाहा. उठताना त्याचं नावही विचारून घ्या.